विषम रेघा आधी

रात्रीचे दोन. आन्नेलिन, सातवा मजला,
माझा एम्युलेटर पुन्हा थरथरतोय.
खेळ नीट चालतो: बर्फावरची गाडी, वळण, चाकाखालून उडणारा चुरा.
गुणांचा तक्ता आला की मात्र
अक्षरं एक रेघ वर, एक रेघ खाली,
थंडीत बसथांब्यावर ताटकळल्यासारखी.

कोडमधली चूक शोधण्यात तीन आठवडे गेले.
चूक नव्हती, एवढंच सापडलं.
जुना कन्सोल त्या तक्त्याचं पूर्ण चित्र कधी पाठवतच नव्हता.
आधी विषम रेघा: एक, तीन, पाच.
सेकंदाचा पन्नासावा भाग सरला
की मधल्या फटींतून सम.
पहिल्या विझत आल्या की दुसऱ्या पेटायच्या,
काचेवर कुठल्याही क्षणी
अर्धंच काहीतरी असायचं.
बाकीचं आपण पदरचं घालायचो.

वडील, एन्डेल, टार्टूभर टीव्ही दुरुस्त करत हिंडायचे.
सकाळी पावणेआठला बॅग उचलायचे.
आई, हेल्यु, बेकरीत रात्रपाळीला.
जिन्यात दोघांची गाठ पडत असावी.
मी कधी पाहिली नाही.
तरी मला घर भरलेलं वाटायचं:
टेबलावर पाव, अजून कोमट,
त्याच्याशेजारी सोल्डरचं वेटोळं.
शाळेत कुटुंबाचं चित्र काढायला सांगितलं
तेव्हा मी दोघांना एकाच बाकावर बसवलं.
बाई म्हणाल्या, छान.

मेनूत मी पर्याय ठेवलेत.
पहिला: जे अर्धं हाती आलं तेच ताणून पूर्ण करा.
चित्र जरा हिंदकळतं, चालवून घ्या.
दुसरा: दोन्ही अर्धी एकमेकांत विणा.
भिंत, झाड, पाटी, सगळं रेखीव दिसतं,
पण जे हलतं त्याच्या कडेला दात फुटतात, फणीसारखे,
कारण अर्धी एका क्षणाची नसतात.
हे शिकायला मला पुस्तक लागलं नाही.
रविवारी बेकरी बंद असायची.
मिठाची बरणी कुणी हलवली, इथून सुरू व्हायचं.
तिसरा पर्याय, दोन्ही मिसळून पुसट करा,
आई गेली त्या हिवाळ्यात लिहिला.
त्याबद्दल नको.

काल वडील आले.
माझ्या पातळ पडद्यासमोर त्यांनी हात हलवला,
पाची बोटं पसरून, जुनी सवय.
"तुटक दिसायला हवीत," म्हणाले.
बोटं सलग होती.
"हा विझतच नाही का कधी? दमत असेल."

मग मला शेडमध्ये घेऊन गेले.
दोन चपट्या टीव्हींच्या मागे, गोधडीखाली,
तो ढेरपोट्या. पेटायला मिनिटभर घेतलं,
एक चापट खाल्ली, मग कुरकुरत उजळला.
कन्सोल जोडला, जुनं मेमरी कार्ड खुपसलं.
गुणांचा तक्ता.
तीच थरथर.
"अगं, ती असायचीच," वडील म्हणाले,
"म्हणून तर ओरडायचो, काचेला नाक लावू नकोस.
मागे हो. अजून. दारापर्यंत."

दारापर्यंत गेले.
पाठीला उंबऱ्यावरचा गारवा,
नदीकडचा वारा,
आणि समोर अक्षरं हळूहळू उभी राहिली.
या कार्डाची नक्कल माझ्याकडे होती.
तीन आठवडे मी ती अक्षरं थरथरताना मोजली,
वाचली एकदाही नव्हती.

पहिला क्रमांक: एच, ई, एल.
दुसरा: एच, ई, एल.
सातव्यापर्यंत तेच.
आठवी मी.

वडिलांनी चष्मा वर केला, खाली केला.
बराच वेळ नुसती नळीची बारीक शीळ,
मला आता ऐकू येत नाही असं वाटलं होतं ती.
"आपण दोघं बाहेर पडलो की," ते म्हणाले,
"झोपते, म्हणायची."